समुद्राला बंदी, परसातली विहीर उघडी

पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडे एक ठरलेला सीझन चालू होतो. कुठल्यातरी बीचवर पुण्या-कोल्हापूरकडचं कुणीतरी बुडतं, दुसऱ्या दिवशी मनाई आदेश निघतो, समुद्रात उतरायला बंदी, धबधब्यावर बंदी, रस्त्याच्या तोंडाला बॅरिकेड आणि पोलिसांच्या शिट्ट्या, आणि मग संध्याकाळी प्रत्येक गावच्या ग्रुपवर तेच ते भांडण. होमस्टेवाले म्हणतात धंदा बसवला, आम्ही चार महिने खायचं काय. गाववाले म्हणतात दारू ढोसून येतात, सांगायला गेलं तर अंगावर येतात, बुडेनात का. तिसरा कुणीतरी गोव्याचे लाइफगार्ड बघा म्हणतो, चौथा त्याला मग गोव्यातच जाऊन राहा म्हणतो. दोन दिवस हे चालतं, मग हायवेच्या खड्ड्यांचा विषय निघतो आणि सगळे तिकडे वळतात.

ह्या भांडणात पोरं कुठेच नसतात. पेपरच्या आतल्या पानावर दोन इंचाची बातमी येते, पाय घसरून विहिरीत पडून बालकाचा मृत्यू, किंवा व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, अंघोळीला गेलेली दोन भावंडं बुडाली, आणि तिच्यावर ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजी पडतात, बस. त्यावर कुणी भांडत नाही. माझं म्हणणं असं आहे की भांडायचं असेल तर ह्याच बातमीवर भांडायला पाहिजे, आणि ते भांडण बंदीचं नाही. शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या पोरासाठी घराजवळचं पाणी बंदिस्त करायचं आणि त्याच्यावर लक्ष ठेवायची नीट लावलेली व्यवस्था पाहिजे, आणि शाळेतल्या प्रत्येक पोराला, पोरीलासुद्धा, पाढ्यांइतकंच सक्तीने पाण्यावर तरंगायला आणि काठ गाठायला शिकवलं पाहिजे. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, एका बाजूला समुद्र, मध्ये खाड्या, घरटी विहीर नाहीतर बाव, आणि तरी पाण्यात पडल्यावर काय करायचं हे शिकवणारा एक तास आपल्या शाळेच्या वेळापत्रकात नाही. हे विचित्र वाटत नाही कुणाला?

बंदीवाल्यांचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करून टाकतो. जून-जुलैचा समुद्र हा उतरायचा समुद्र नाही, त्याच्याशी वाद नाही. आपले मच्छीमारसुद्धा १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढून ठेवतात, ते माशांच्या विणीसाठी तसंच जिवाच्या भीतीनेही. लाइफगार्डचंही खरं आहे, गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी लाइफगार्ड आहेत आणि त्याचा उपयोग झालाय, आमच्याकडे गणपतीपुळ्याला वगैरे जे जीवरक्षक उभे असतात त्यांनी ओढून काढलेली माणसं आज आपापल्या घरी जिवंत आहेत. हे सगळं पाहिजेच. पण १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुड-जंजिऱ्याला पुण्याच्या कॉलेजची चौदा मुलं-मुली गेली तेव्हा पावसाळा होता का? फेब्रुवारीचा समुद्र, निळं आकाश, सहलीचा दिवस. पावसाळी बंदीच्या कुठल्याच आदेशात तो दिवस बसला नसता. आणि वाडीतल्या व्हाळावर, जांभा दगडाच्या चिरेखाणीवर, माडा-पोफळीच्या आगरातल्या विहिरीवर कुठला पोलीस शिट्टी मारणार आहे? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

जगभरातले आकडे बघितले तर हेच दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगात अंदाजे तीन लाख माणसं बुडून गेली, त्यातली जवळजवळ चौथाई पाच वर्षांच्या आतली पोरं. भारतात नुसत्या पोलिसांच्या नोंदीतच वर्षाला पस्तीस हजारांच्या वर बुडून मृत्यू असतात, आणि नोंद न झालेले वेगळे. सगळ्यात जास्त धोका एक ते चार वर्षांच्या वयाला, त्याच्या खालोखाल पाच ते नऊ. आता एक ते चार वर्षांचं पोर काय सेल्फी काढायला आरे-वारेच्या बीचवर जातं का? ते जातं आजीच्या मागे मागणदारी, आणि तिथे गुरांची दगडी डोण भरलेली असते, नाहीतर पावसाचं पाणी धरायला ठेवलेलं पिंप, नाहीतर विहीर. एवढ्या पोराचं डोकं अंगाच्या मानाने जड, ते वाकून बघायला गेलं की तोल पुढे जातो आणि बादलीतून स्वतःला उलटं काढायची ताकद त्याच्या हातात नसते. गुडघाभर पाणीही लागत नाही.

आमच्याकडच्या आगरातल्या विहिरी नीट जाऊन बघा. पूर्वी रहाट होता, त्यामुळे रहाटाच्या बाजूने कठडा सोडलेला असायचा. पंप आले, रहाट गेला, लाकूड चुलीत गेलं, पण ती सोडलेली बाजू कुणी बांधून काढली नाही. पावसात तिथे गवत माजतं, विहीर तोंडापर्यंत भरते, आणि लांबून बघितलं तर गवत कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते मोठ्या माणसालाही कळत नाही. चिरेखाण त्याहून वाईट. जांभा मशीनने सरळ कापलेला, चारी बाजू भिंतीसारख्या उभ्या, पाय टेकवायला पायरी नाही की उतार नाही. चिरा संपला की खाणवाला मशीन उचलून दुसऱ्या सड्यावर जातो, खड्डा तसाच, श्रावणापर्यंत त्यात हिरवंगार स्वच्छ पाणी, आणि गुरं राखायला गेलेल्या पोरांना ते बोलावतं. आत उडी मारलेलं पोर पोहणारं असलं तरी वर कुठून येणार? रॉयल्टी तहसीलदार कचेरीत भरली जाते, मग खड्ड्याला कुंपण घातल्याशिवाय पुढचा परवाना नाही एवढं म्हणायला कुणाची हरकत आहे? गेल्या काही वर्षांत ह्यात शेततळ्यांची भर पडली, त्यातलं प्लॅस्टिकचं अस्तर ओलं झालं की धडधाकट माणूसही त्यावरून वर चढू शकत नाही. काठाला बांधून आत सोडलेला एक गाठी मारलेला दोर, एवढाच उपाय आहे. किंमत काढा त्याची.

इथे मला नारू आठवतो. आताच्या पिढीला माहीत नसेल, पण पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा, माणूस महिनोन्महिने अंथरुणावर. तो पसरायचा पायविहिरींतून, कारण लोक पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय घालायचे. तेव्हा सरकारने विहिरीवर जायला बंदी केली का? लोकांनी पाणी प्यायचं बंद केलं का? पायविहिरी बंद करून वरून पाणी काढायच्या विहिरी झाल्या, हातपंप बसले, पाणी गाळून प्यायला फडकी वाटली, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. लोकांना शिव्या घालून नाही, विहिरीचा आकार बदलून. मग पोर पडू नये म्हणून विहिरीचं तोंड बदलायला आपल्याला काय अडचण आहे? घरकुलाला, शौचालयाला अनुदान आहे, तसं कठड्याला आणि जाळीला का नसावं?

ह्यावर सगळ्यात जोरात येणारं उत्तर म्हणजे, आईबाप काय करत होते? पोराकडे लक्ष द्यायचं ते आईबापाचं काम, सरकारने आणि शाळेने काय काय बघायचं. हे म्हणणं मी हलक्यात घेत नाही, कारण ते अर्धं खरं आहे. पाण्याच्या जवळ लहान पोर असेल तर हाताच्या अंतरावर मोठं माणूस पाहिजे, ह्याला दुसरा पर्याय कुठल्याच देशात निघालेला नाही. पण जुलैमधलं आपलं घर डोळ्यासमोर आणा. लावणी चालू आहे, आई चिखलात वाकलेली, बाप पॉवर टिलरवर नाहीतर मुंबईत नोकरीला, घरात आजी, तिचे गुडघे गेलेले, आणि दोन वर्षांचं पोर जे तिच्या दुप्पट वेगाने पळतं. लक्ष कुणी द्यायचं? लक्ष ही नुसती माया असून भागत नाही, ते काम आहे, आणि कामाला माणूस नेमावं लागतं. उलट टोकाला गणपतीचं घर बघा. तीस माणसं जमलेली, पडवीत पत्ते, स्वयंपाकघरात मोदक, आणि प्रत्येकाला वाटतं पोरगं दुसऱ्या कुणाजवळ आहे. एवढ्या माणसांच्या घरात ते परसदारी एकटंच असू शकतं.

आणि बुडणं ऐकू येत नाही. सिनेमात हात हलवून वाचवा वाचवा करतात तसं काही होत नाही. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकन लाइफगार्डने १९७० च्या दशकात बुडणाऱ्या माणसांचं शूटिंग करून हे दाखवून दिलं, तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, वर आलं की तेवढ्यात श्वास घ्यायचा असतो, ओरडायला हवाच नसते, हात बाजूला पसरून पाणी दाबायचा प्रयत्न करतात, आणि वीस सेकंद ते एक मिनिट एवढ्यात खेळ संपतो. मोबाइलवर एक मेसेज टाइप होईस्तोवर. त्यामुळे "आम्ही तिथेच होतो, आवाज कसा नाही आला" असं म्हणणारी आई खोटं बोलत नसते. तिला कुणी कधी सांगितलेलंच नसतं की आवाज येत नाही.

बांगलादेशात लोक ह्याच प्रश्नाला येऊन थांबले होते. घराला लागून पुकूर, म्हणजे तळं, सकाळी आई कामात, आणि बुडणारी बहुतेक पोरं सकाळी नऊ ते दुपारी एकच्या मधली. त्यांनी काय केलं तर गावातल्याच एका बाईला शिकवून तिच्याकडे वीस-पंचवीस पोरं त्याच वेळात बसवायला सुरुवात केली, आँचल म्हणतात त्याला. आणि मोठ्या पोरांना गावच्याच तळ्यात बांबूचा चौथरा आणि कुंपण करून पोहायला शिकवलं, ध्येय एवढंच की पंचवीस मीटर कसंही पोहायचं आणि तीस सेकंद तरंगायचं. २०१२ मध्ये ह्याचा अभ्यास छापून आला. आँचलमधल्या पोरांचं बुडण्याचं प्रमाण ऐंशी टक्क्यांहून जास्त कमी, पोहायला शिकलेल्यांचं नव्वद टक्क्यांहून जास्त कमी. आता कुणी म्हणेल की जे आईबाप पोराला पाठवतात ते मुळात जास्त काळजी घेणारे असतील, म्हणून आकडा फुगला असेल. असेल ना. अर्धा कापून टाका. अर्ध्याने तरी आपल्याकडे किती पोरं वाचतील?

आपल्याकडे तर अंगणवाडी १९७५ पासून आहे, बांगलादेशला शून्यातून उभं करावं लागलं ते आपल्या प्रत्येक वाडीत आधीच बांधलेलं आहे. पण अंगणवाडीत बसायला जागा तीन ते सहा वर्षांच्या पोराला. तीनच्या आतल्या पोराला घरी न्यायचा शिधा मिळतो आणि राम राम. म्हणजे ज्या वयाला पाण्याचा धोका सगळ्यात जास्त, त्या वयाला आपण पाकीट देतो आणि पोर परत घरी पाठवतो. केंद्राची पाळणा नावाची योजना आहे, अंगणवाडीतच पाळणाघर, कागदावर आहे सगळं. निदान लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत प्रत्येक वाडीत एक पाळणाघर, त्यातल्या बाईला धड पगार (मदतनीसच्या मानधनातून नाही, कृपा करून), एवढं जिल्हा परिषदेला जड नाही. बीचवरच्या "आय लव्ह अमुक" अक्षरांचे आणि सेल्फी पॉइंटचे पैसे मिळतात तर ह्याचेही मिळतील.

आता मोठ्या पोरांचं. इथे विरोध जरा वेगळा येतो आणि तो आपल्या आजोबांकडून येतो: पोहणाराच बुडतो. पट्टीचे पोहणारे गेले डोळ्यादेखत, शिकवलंत तर पोरं निर्धास्त होतील, जातील खोल पाण्यात. हे सोडून देण्यासारखं नाही, कारण असं होतं. पैजा लावून खाडी पार करणारे, पिऊन विहिरीत उडी घेणारे, दुसऱ्याला वाचवायला गेलेले, हे बहुतेक पोहता येणारेच असतात, आणि बहुतेक तरणेताठे पुरुष असतात. पण सात वर्षांची पोरगी व्हाळाच्या दगडावरून घसरते तेव्हा ती पैज लावत नसते. काठ तिच्यापासून दोन हात असतो. तिला उताणं होऊन नाक वर ठेवता आलं आणि चार हात मारता आले तर ती घरी येते, नाही आले तर येत नाही, एवढाच तो हिशोब. शिकवल्याने निर्धास्त होऊन जास्त बुडाली असती तर बांगलादेशातला आकडा उलटा गेला असता, तो तसा गेला नाही. शिवाय शिकवायचं म्हणजे फ्रीस्टाइल नाही. पाण्यात पडल्यावर घाबरायचं नाही, उताणं तरंगायचं, काठाकडे वळायचं, आणि कुठल्या पाण्यात उतरायचंच नाही ते ओळखायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे न शिकवता फक्त "पाण्याकडे जायचं नाही" सांगितलेलं पोर दहाव्या वर्षी मित्रांबरोबर गुपचूप जातंच.

मग दुसरं, आम्हाला कुणी शाळेत शिकवलं? आम्ही नाही शिकलो? शिकलात, कबूल. दोन असोले, म्हणजे न सोललेले, नारळ त्यांच्याच सोडणाने एकमेकांना बांधायचे, ते काखेत येतील असे छातीखाली घ्यायचे आणि कंबरेला बांधलेला दोर काकाने हळूहळू सोडत जायचा, कुणाला पांगाऱ्याचा ओंडका, कुणाला तेलाचा रिकामा डबा. ती उत्तम पद्धत होती, आजच्या कुठल्याही फोमच्या पट्टीच्या तोडीची, आणि तिच्यात खरी महत्त्वाची गोष्ट दोर धरणारा काका ही होती. तो काका आता बोरिवलीला राहतो. त्याची पोरं मे महिन्यात आणि गणपतीला येतात, गावच्या चुलत भावांच्या मागोमाग कोंडीवर, व्हाळातल्या डोहावर, जातात, भावंडं धडाधड उड्या मारतात आणि मुंबईचं पोरगं लाजेखातर मारतं. कुटुंबात हाताखालून शिकणं हे आता निम्म्या घरांतून गेलंय. आणि जे शिकले नाहीत ते आज हे सांगायला इथे नाहीत, हेही एकदा लक्षात घ्या. वाचलेलेच "आम्हाला काही झालं नाही" म्हणू शकतात.

१७ जुलै १९४७ ची रामदास बोट घ्या. मुंबईहून रेवसला निघालेली, आषाढ अमावास्या तोंडावर, घरी जाणारी आपलीच माणसं, काश्याच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. किनारा काही शेकडो मैल लांब नव्हता. बोटीवर जीव वाचवायची साधनं पुरेशी नव्हती हा कंपनीचा आणि सरकारचा गुन्हा, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही, आणि त्या खवळलेल्या पाण्यात चांगले पोहणारेही गेले असतील. पण मुंबईला बातमी संध्याकाळी पोचली ती कशी? त्या पाण्यातून हातपाय मारत वर निघालेली मूठभर माणसं होती म्हणून. माणसं वाचवायला गेले ते रेवसचे कोळी, सरकारी यंत्रणा नाही. ज्यांच्या घरात पाण्याची ओळख होती ते वाचले आणि त्यांनी वाचवलं. पंचाहत्तर वर्षांनीही ती ओळख जातीवर आणि वाडीवरच अवलंबून असावी, शाळेवर नाही?

मुलींबद्दल कुणी उघड बोलत नाही, पण अडतं तिथेच. कपडे काय घालणार, शिकवणार कोण, लोक काय म्हणतील. विहिरीवर आणि व्हाळावर कपडे धुवायला मात्र त्याच जातात, त्याला लोक काही म्हणत नाहीत. हॉलंडमध्ये, जिथे जिकडेतिकडे कालवे आहेत, पोरांना पोहण्याचा जो पहिला डिप्लोमा देतात त्यात अंगावरच्या कपड्यांसकट पाण्यात पडून पोहून दाखवावं लागतं. कारण पाण्यात पडणारं पोर कपडे बदलून पडत नाही. आपल्या मुलींनी सलवार-कुडत्यात, शाळेच्या गणवेशात शिकावं, उलट तेच जास्त खरं शिक्षण आहे. शिकवायला गावातलीच एखादी कोळीण किंवा भोयीण मिळाली तर तिच्याइतकं चांगलं कोण शिकवेल? मानधन देऊन बोलवा, बाई म्हणून मान द्या.

शिक्षकांचा आक्षेप मात्र मला सगळ्यात रास्त वाटतो. मतदारयाद्या आम्ही करायच्या, खिचडी आम्ही शिजवून घ्यायची, ऑनलाइन माहिती रोज भरायची, आणि आता पोरं पाण्यात उतरवायची, आणि एखाद्याला काही झालं तर निलंबन आणि वर गुन्हा. कोण उतरवेल? कुणीच नाही, आणि त्यांचं चुकत नाही. म्हणून हे शिक्षकाच्या गळ्यात मारायचं कामच नाही. प्रशिक्षित माणूस वेगळा, एका वेळी पाण्यात पोरं थोडीच, काठावर दोर आणि रिकामे कॅन घेऊन दुसरा माणूस उभा, पाणी पोराच्या छातीच्या वर नाही. तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कूबा डायव्हिंगची अख्खी संस्था आहे, पर्यटकाला समुद्राच्या तळाशी नेऊन आणायचं शास्त्र आपल्या जिल्ह्यात शिकवलं जातं, मग व्हाळात चौथीच्या पोराला तरंगायला शिकवणारे लोक तिथे तयार करता येणार नाहीत?

समुद्राचं शिक्षण वेगळं लागेल, कारण तळ्यात तरंगणारं पोर समुद्रात तरेलच असं नाही. पण तेही अवघड नाही, ते ज्ञान किनाऱ्यावर पडलेलं आहे. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास, हे होडी चालवणारा कुठलाही म्हातारा तांडेल बोटावर सांगेल. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचं भांगाचं पाणी ह्यातला फरक पोरांना पाचवीत कळू शकतो, चंद्राच्या कला तशाही शिकवतातच की. आणि ओढ. लाटा सगळीकडे फुटतायत आणि मध्येच एका पट्ट्यात फुटत नाहीयेत, तिथे पाणी जरा गढूळ, सपाट, शांत, नवीन माणसाला वाटतं हीच जागा बरी. तीच वाईट, किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत जातं. सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, दमून जाल, ती ओढ खाली खेचत नाही, नुसती आत नेते, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं किंवा तरंगत राहून हात वर करायचा. खाडीच्या तोंडाशी, देवबागसारख्या ठिकाणी, ओहोटी लागल्यावर तर उतरायचंच नाही. हे प्रत्येक बीचच्या बोर्डावर चित्र काढून लावा ना, "समुद्र धोकादायक आहे" ह्या वाक्याने आजवर कुणाचे पाय थांबलेत?

एक गोष्ट मोठ्यांनीच शिकायची आहे. पोराला बाहेर काढल्यावर आजही आपल्याकडे पाय धरून उलटं लटकवतात, पोट दाबतात, पालथं घालून पाठीवर थोपटतात, पाणी काढायचं म्हणून. त्यात जातात ती चार-पाच मिनिटं, ज्यात मेंदूला हवा मिळाली तर पोर परत येतं. पाणी काढायचं नसतं, हवा घालायची असते. श्वास नसेल तर उताणं ठेवून, हनुवटी वर करून, आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीवर दाब, आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ लावायचा. आणि एकामागून एक तिघे बुडाले ही बातमी बंद व्हायची असेल तर पोरांना हे शिकवायचं की मित्र बुडताना दिसला तर मागे उडी मारायची नाही, काठी पुढे करायची, ओढणी फेकायची, झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन फेकायचा आणि ओरडायचं. दहा वर्षांच्या पोराला शूर व्हायला सांगणं हा मोठ्यांचा आळशीपणा आहे.

"ज्याची जेवढी दोरी" असं म्हणून उठणारेही असतात. महाड-पोलादपूर पट्ट्यात विंचवाबद्दल असंच म्हणायचे. लाल विंचू चावला की मांत्रिक, आणि पोर गेलं तर नशीब. डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात येऊन एकेक रुग्ण नीट बघत, टिपत बसले, आणि पुढे प्राझोसिनसारखं साधं रक्तदाबाचं औषध वापरून जिथे शंभरातले चाळीसेक दगावत होते तिथे एकाच्या आसपास आणले. ह्याच कोकणात, ह्याच खराब रस्त्यांवर. विंचू तेवढेच राहिले, लोकांचं नशीबही तेच राहिलं असणार.

जागा कुठे आहे, तालुक्याला एक स्विमिंग पूल नाही, हा शेवटचा अडसर सांगतात. पूल कशाला पाहिजे? दरवर्षी पाऊस गेला की प्रत्येक ग्रामपंचायतीला वनराई बंधाऱ्यांचं टार्गेट येतं, सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती-वाळू भरून व्हाळ आडवतात, फोटो काढून वर पाठवतात. त्या बंधाऱ्यामागे नोव्हेंबर-डिसेंबरात कंबरभर, स्वच्छ, जवळजवळ उभं पाणी असतं, ओढ नाही, पूर नाही, तळ दिसतो. तिथेच एक बंधारा शाळेच्या जवळचा निवडायचा, तळातले दगड आणि काचा काढायच्या, बांबूचं कुंपण, दुपारचं ऊन असताना तिसरी ते पाचवीची पोरं, वर्षातून तीन-चार आठवडे. खर्च शिकवणाऱ्याच्या मानधनाचा आणि दोराचा. विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घ्यायला लागेल, बंधारा घालायच्या आधी. १ मेच्या सभेत नको, तोवर व्हाळ आटलेला असतो आणि कोंडीवर बोरिवलीची पोरं उड्या मारायला लागलेली असतात.